दिवेलागणीला उघडा फ्रीज

आमच्या घरात नवा फ्रीज आला तो आबांच्या इन्शुलिनसाठी. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यानंतर त्यांची साखर गोळ्यांना दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी सुई सुरू केली आणि बाटल्या थंड जागी ठेवायला सांगितल्या. थंड जागा म्हणजे आमच्याकडे पाण्याचा माठ. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे हे मी त्यांना आधीच सांगून बसले होते, त्याचा मला पस्तावा झाला.

खरं तर फ्रीज आमच्याकडे आधीही होता, पण नावापुरता. नवऱ्याने मुंबईहून जुना आणला होता, तो एका विजेच्या कडकडाटात बंद पडला तो कायमचा. सासूबाईंनी तो टाकू दिला नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तो त्यांचं धान्याचं कपाट झाला. वर पोहे आणि कुळीथ, खाली तांदूळ, बाटल्यांच्या जागी आमसुलं. उंदराला आत शिरता येत नाही, याहून मोठा गुण त्यांच्या लेखी कुठल्याच यंत्रात नव्हता. त्या गेल्यावर मी धान्य डब्यांत भरलं आणि ते धूड भंगारवाल्याला देऊन टाकलं. नवा फ्रीज त्याच कोपऱ्यात उभा राहिला, कारण प्लगची जागा तिथेच होती.

आमची वाडी पालीपासून आत, रस्त्यावरून पायऱ्यांची पाखाडी उतरून खाली. टेम्पो वरच थांबला. चौघांनी फ्रीज बांबूला बांधून पायऱ्यांवरून खाली आणला, तेव्हा वाडीतली माणसं दारात येऊन बघत होती. आणणाऱ्यांनी बजावलं की आडवातिडवा झालाय, आता काही तास नुसता उभा राहू द्या, लगेच चालू करू नका. म्हणून तो दुपारभर तसाच उभा होता, अंगावर प्लास्टिक आणि कपाळाला कुंकू. शेजारच्या काकी नारळ घेऊन आल्या. आबा माजघरातल्या कॉटवर बसून त्याच्याकडे बघत होते. माजघरातून स्वयंपाकघराचा तो कोपरा सरळ दिसतो.

नवऱ्याने मुंबईहून व्हिडिओ कॉलवर शिकवणी घेतली. वरचा कप्पा हवा तर बर्फाचा, हवा तर साधा करता येतो. थंडी कमीजास्त करायला बटणं आहेत. आतल्या भिंतीला झरोके आहेत, तिथून गार वारा येतो. दार उघडं राहिलं तर तो स्वतः टिंगटिंग वाजतो. मी म्हटलं, मला दूध टिकवायचंय, विमान चालवायचं नाही. त्यावर तो म्हणाला, पुस्तिका वाच, तू मास्तरीण आहेस.

पुस्तिका मी खरंच वाचली. तिच्यात एक पान आवाजांचं होतं. पोटात पाणी खळखळल्यासारखं वाटेल, मध्येच काहीतरी तडकेल, कधी फुसकारा येईल, आणि हा बिघाड नव्हे, असं प्रत्येकापुढे लिहिलेलं. पहिले काही दिवस मी फ्रीज असा काही बोलला की ते पान उघडून बघायचे. माणूस गेलेल्या घरात एक नवीन आवाज आला की कान टवकारतातच. आबांना मात्र त्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, घरात कुणीतरी हाय असं वाटतं.

मी कोल्हापूरकडची. लग्न होऊन इथे आले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण इथला हेल माझ्या जिभेला कधी बसला नाही. वाडीत मला अजून घाटावरची म्हणतात. सासूबाई तर म्हणायच्या, तू पाणी मागितलंस तरी शेजारी भांडण बघायला येतात. त्यांचं माझं पटायचं नाही असं नाही, पण दोघींचाही स्वभाव वरचढ, त्यामुळे घरात सतत काही ना काही धुमसत असायचं. त्यांच्या काही गोष्टी मला पटायच्या नाहीत आणि मी ते तोंडावर सांगायचे.

त्यांतली एक दिवेलागणीची. देवापुढे दिवा लावायचा, तुळशीला दाखवायचा, एवढं सगळेच करतात. सासूबाई दिवा घेऊन आधी स्वयंपाकघरात जायच्या, त्या बंद पडलेल्या फ्रीजचं दार उघडायच्या आणि धान्याला दिवा दाखवत रोजची एक ओळ म्हणायच्या. दार तसंच उघडं ठेवून मग तुळशीकडे. तिन्हीसांजेला लक्ष्मी घरात येते, तिला भरलेलं दिसलं पाहिजे, अशी त्यांची समजूत. मी म्हणायचे, तिला दिसेल न दिसेल, झुरळांना नक्की दिसेल. त्या गेल्यावर दिवा माझ्याकडे आला. देव आणि तुळस एवढं मी ठेवलं, बाकीचं मोडीत काढलं.

तर नवा फ्रीज येऊन थोडे दिवस झाले होते. संध्याकाळी मी तुळशीपुढे दिवा ठेवला आणि खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणातच, काकींशी बोलत उभी राहिले. बोलता बोलता आतून टिंगटिंग ऐकू आलं. आत गेले तर स्वयंपाकघरातला बल्ब लावलेला नव्हता, पण कोपऱ्यात पांढरा उजेड होता. फ्रीजचं दार सताड उघडं. आतली गार वाफ खाली उतरून जमिनीवरून माझ्या पायांपर्यंत येत होती. तिथे कुणीही नव्हतं. मी दार लावलं, आवाज थांबला, आणि मग फक्त आबांचा खोकला ऐकू आला.

त्यांना विचारलं, काही काढलंत का. ते म्हणाले, नाय. मी मनाशी म्हटलं, चहाचं दूध ठेवताना माझ्याच हातून नीट लागलं नसेल.

पुन्हा एकदा तसंच झालं, मग पुन्हा. मी चहानंतर दार दाबून, ओढून, खात्री करून बाहेर पडायला लागले. तरी दिवेलागणीला टिंगटिंग. सकाळी नाही, दुपारी नाही, शाळेला सुट्टी असली तरी दिवसभर नाही. दिवा लावून तुळशीपाशी गेले की तेवढ्यात. ज्या दिवशी मला शाळेतून यायला उशीर झाला, त्या दिवशी दिवाही उशिरा लागला, आणि दारही उशिरा उघडलं. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कुठल्या यंत्राला दिवा कधी लागला ते कळतं?

रत्नागिरीहून दुरुस्तीवाला बोलावला. त्याने पुढचे पाय थोडे उंच केले, म्हणजे दार आपोआप मागे पडेल. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहिला, कागद घट्ट बसला. चुंबक नवंकोरं आहे, तो म्हणाला, हे दार आपण होऊन उघडणं शक्य नाही. मग मी त्याला चहा आणि पैसे दिले.

त्याच संध्याकाळी दार उघडलं, आणि या वेळी मी ते लावण्याआधी आत वाकून पाहिलं. दुधाच्या पिशव्या, कोथिंबीर, काल काकींनी दिलेले फणसाचे गरे, आबांच्या बाटल्या. सगळं जागच्या जागी. पण त्या गार हवेत वास होता, वातीचा, खोबरेल तेलात जळणाऱ्या वातीचा. वरच्या काचेच्या कप्प्याच्या कडेला बोट फिरवलं तर बोटाला काजळी लागली. मी दार लावलं. मला भीती वाटली, साफ सांगते. मुलांना भूत नसतं म्हणून शिकवणारी बाई मी, पदराने बोट पुसत होते आणि मागे वळून बघायचा धीर होत नव्हता.

आबा माजघरात बसले होते. माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती. मी विचारलं, कुणी आलं होतं का आत. ते म्हणाले, भायरचं कोण येणार? आणि तोंड फिरवून आडवे झाले.

नवऱ्याला सांगितलं. वासाचं सांगितलं नाही, नुसतं दार. त्याचा निकाल तयार होता: आबाच उघडतात आणि विसरतात, वय झालंय, आता डोकं असंच चालणार. मला ते बरं वाटलं, कारण त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. तो म्हणाला, कोपऱ्यात एक कॅमेरा लावू, मोबाइलवर दिसेल. आबांनी ते ऐकलं आणि सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. घरात कॅमेरा नको म्हणाले, आणि लावलात तर मी काठीने फोडीन. एवढा राग कशाचा ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. आम्ही म्हटलं, चोरी पकडली जाईल म्हणून.

मग मी पाळत ठेवली. एका संध्याकाळी दिवा लावायला काकींना बोलावलं आणि मी स्वतः फ्रीजसमोर पाट टाकून बसले. काकींनी दिवा लावला, तुळशीला दाखवला, घरी गेल्या. अंधार झाला. फ्रीज पोटातल्या पोटात खळखळला, थांबला, पुन्हा खळखळला. दार हललंही नाही. आबा माजघरात जागे होते, ते मला श्वासावरून कळत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

माझी खात्री झाली की आबाच, मी समोर बसले म्हणून उठले नाहीत. त्यांना बोलून उपयोग नव्हता. औषध वाचवायचं तर मलाच काहीतरी करायला हवं होतं. दारापाशी ठेवलेल्या बाटल्या उघड्या दारात गरम होणार, म्हणून मी त्या उचलून सगळ्यांत आत, मागच्या भिंतीला टेकवून ठेवल्या, अगदी झरोक्यासमोर. आणि थंडीचं बटण दाबत दाबत शेवटापर्यंत नेलं. रोज दार उघडं राहून जेवढं जाईल तेवढं भरून निघेल, असा माझा हिशोब. मला त्याचा अभिमानही वाटला.

रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी आबांना सुई द्यायचे. बाटली इतकी गार असायची की मी ती तळहातांत धरून ऊब द्यायचे. एकदा आत काहीतरी खड्यासारखं दिसलं, हातात धरल्यावर ते विरघळलं. मी बाटली हलवून सुई भरली.

आबांना तहान लागायला लागली. तांब्या उशाशी ठेवला तरी पुरेना. सारखे मोरीकडे उठायचे, मग उठेनासे झाले. एका सकाळी हाक मारली तर त्यांनी डोळे उघडले, पण मला ओळखायला वेळ लावला. वाडीतल्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून पाखाडीवरून वर नेलं, तिथून रिक्षाने रत्नागिरीला. वाटेत त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो कोरडा, गरम होता. मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

डॉक्टरांनी साखर पाहिली आणि बाटली मागितली. कुठे ठेवता विचारलं. मी सांगितलं, अगदी मागे, सगळ्यांत गार जागी. ते म्हणाले, गोठलं असणार. एकदा गोठलं की त्यात पाण्याइतकाच दम उरतो. तुम्ही इतके दिवस त्यांना पाणीच टोचलंत. रागावून नाही म्हणाले, आणि म्हणूनच मला ते सोसलं नाही.

आबा वाचले. दोन दिवसांनी नीट बोलायला लागले. नवरा मुंबईहून आला होता, त्याने कॉटशेजारी उभं राहून सगळं त्यांच्याच माथी मारलं. तुम्ही दार उघडं टाकता म्हणून हिला बाटल्या मागे ठेवाव्या लागल्या, आता तुम्हाला इथे ठेवून चालणार नाही, माझ्याबरोबर मुंबईला चला. आबांनी ऐकून घेतलं. नवरा औषधं आणायला खाली गेला तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसले. मलाच कसंतरी होत होतं. मी म्हटलं, आबा, एकदा कबूल करा, मी ह्यांना समजावते, मुंबईला नाही नेणार.

आबा छताकडे बघत म्हणाले, "दार मी नाय उघडत. तू उघडतंस."

मला वाटलं, तापाचं डोकं आहे. पण ते शांतपणे सांगत गेले. दिवा लावलास की तू आधी तुळशीकडे जात नाहीस. दिवा घेऊन स्वयंपाकघरात जातेस, फ्रीजचं दार उघडतेस, आत दिवा धरतेस, आणि दार तसंच टाकून बाहेर जातेस. रोज. फ्रीज आला त्यानंतर थोड्याच दिवसांपासून. चालतेस ती पण तुझ्या सासूसारखी, डाव्या पायावर जरा रेलून. तुला ठाऊकच नसतं. तू माझ्या समोरून जातेस आणि मी तुला दिसत नाही.

मी म्हटलं, नाही, मी असं करत नाही. आणि म्हणता म्हणताच मला आठवेना की देवापासून तुळशीपर्यंत मी रोज कुठल्या वाटेने जाते. कितीही ताण दिला तरी मधलं काही आठवेना. देवापुढे काडी ओढलेली आठवत होती आणि तुळशीपाशी वाकलेली आठवत होती.

"आनि बोलतंस," आबा म्हणाले. "आत दिवा धरून बोलतंस. ये गो बाय, हाय त्यात गोड मान. तुला आमचं बोलणं कधी जमलं नाय. पन तवा जमतं. आवाज तिचाच."

हॉस्पिटलच्या त्या खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कुणाचा तरी फोन वाजत होता, भर दुपार होती. मला थंडी वाजली. ती ओळ मी सासूबाईंच्या तोंडून रोज ऐकली होती आणि त्यांच्यामागे एकदाही उच्चारली नव्हती, असं मी शपथेवर सांगितलं असतं.

मी विचारलं, औषध त्याच फ्रीजमध्ये आहे, दार उघडं राहून ते बिघडेल, हे तुम्हाला कळत नव्हतं का. ते म्हणाले, कळत होतं. मग मला सांगितलं का नाहीत, असं विचारताना माझा आवाज नेहमीसारखा भांडल्यासारखा निघाला.

"सांगितलं असतं तर थांबली असतीस," आबा म्हणाले.

नवरा औषधं घेऊन आला तेव्हा मी त्याला सांगितलं की दार माझ्याकडून उघडं राहत होतं. कसं ते सांगितलं नाही. तो चिडला, पण मुंबईचा विषय सुटला.

घरी आल्यावर मी बाटल्या मधल्या कप्प्यात ठेवल्या, पुस्तिकेत सांगितलेल्या जागी, आणि थंडीचं बटण मागे आणलं. संध्याकाळ झाली. आबा माजघरात कॉटवर पडले होते. मी देवापुढे काडी ओढली आणि पहिल्यांदाच माझं प्रत्येक पाऊल मला कळत होतं. सरळ तुळशीकडे गेले, दिवा ठेवला, परत आले. आबांचे डोळे मिटलेले होते, पण मान स्वयंपाकघराच्या बाजूला वळलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. ते काही मागत नव्हते. नुसता दिव्याचा वास आला की मान वळायची, मी बाहेरून आत आले की परत जागेवर यायची.

मला ते बघवेना. एका संध्याकाळी मी दिवा घेतला आणि स्वयंपाकघरात गेले. फ्रीजचं दार उघडलं. पांढऱ्या उजेडात माझा दिवा दिसेनासाच झाला. मी तो आत धरला आणि आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, ये गो बाय, हाय त्यात गोड मान.

शब्द सगळे बरोबर होते. आवाज माझा होता, कोल्हापूरचा, पाणी मागितलं तरी शेजारी येतील असा. मी पुन्हा म्हणून पाहिलं, हळू, त्यांच्या हेलात. ते आणखी वाईट झालं, नक्कल झाली. गार हवेने वात फडफडली आणि फ्रीज टिंगटिंग वाजायला लागला.

मग आबा म्हणाले, "दार लाव गो. औषध हाय आत."